मुलीची उंची कमी भरली, आता बापानं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौदा महिन्यांची. गावात आलेल्या आरोग्य कार्यकर्तीनं मोजली तेव्हा लांबी ७० सेंमी भरली आणि कार्डावर ‘वयाच्या मानाने उंची कमी’ असा शेरा पडला. विचारणारे वडील स्वतः बेताच्या उंचीचे, त्यामुळे घरचे म्हणतात, “बापावर गेलीय, दुसरं काय?” वडील पहाटे शेतावर जातात ते अंधार पडल्यावर परततात, मुलीचं खाणंपिणं सगळं आईकडे. त्यांना चार गोष्टी विचारायच्या आहेत: हे आनुवंशिक आहे का, भरून निघेल का, वाढीची पावडर आणावी का, आणि “यात मी काय करू शकणार?”

शेवटचा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारलाय, पण माझं बहुतेक उत्तर त्याच प्रश्नाला आहे. बाकीचं आधी उरकून घेतो.

चौदा महिन्यांच्या मुलीची मधली लांबी (निम्म्या मुली हिच्या वर, निम्म्या खाली) ७६.४ सेंमी असते. ७१ च्या खाली गेली की वाढ खुंटली असं धरतात आणि ६८.३ च्या खाली गेली तर तीव्र खुंटली असं. म्हणजे तुमची मुलगी रेषेच्या एका सेंमीनं खाली आहे. आता एक सेंमी चूक मोजतानासुद्धा होते, आणि होतेच. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवूनच मोजायचं, तेही सपाट फळ्यावर, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं डोक्याच्या बाजूला बसून दोन्ही तळवे मुलाच्या कानांवर ठेवायचे, टाळू वरच्या पट्टीला टेकलेली आणि नजर सरळ आढ्याकडे. दुसऱ्यानं एका हातानं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हातानं खालची पट्टी टाचांना भिडवायची. मूल रडतं, अंग आक्रसून घेतं, एक गुडघा वाकतो आणि तेवढ्यानं एक-दीड सेंमी हरवतो. डोक्यावरची वेणी, जाड टोपी किंवा क्लिप राहून गेली तर उलटी चूक होते. बहुतेक ठिकाणी कार्यकर्ती एकटी असते आणि आईच्या कडेवर दुसरं मूल असतं. पुढच्या वेळी डोकं धरायला तुम्ही जा. मापही नीट येईल आणि आपल्या मुलीची रेघ तक्त्यावर कुठे चाललीय ते तुमच्या डोळ्यांना दिसेल.

मात्र फेरमोजणी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. ७० ऐवजी ७१ आले तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे.

आनुवंशिकतेबद्दल. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेनं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ मोजली. मुद्दाम अशी मुलं निवडली की ज्यांना आईचं दूध मिळत होतं, आई धूम्रपान करत नव्हती आणि घरची परिस्थिती वाढीच्या आड येत नव्हती. या सगळ्या देशांतली मुलं लहानपणी जवळपास सारखीच वाढली. लांबीत जो फरक दिसला त्यातला जेमतेम ३ टक्के फरक देशादेशांमधला होता आणि ७० टक्के एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला. २००६ साली आलेले वाढीचे तक्ते त्याच मोजणीवर उभे आहेत. आनुवंशिकता असतेच, कुणी उंच कुणी ठेंगणं होणारच. पण चांगलं पोसलेल्या शंभर मुलांमध्ये त्या खालच्या रेषेखाली फार तर दोन-तीन मुलं सापडतात. जगात २०२४ साली पाच वर्षांखालची २३.२ टक्के मुलं, म्हणजे सुमारे १५ कोटी, त्या रेषेखाली होती. एवढा फरक रक्तातून येत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या उंचीचं म्हणाल, तर ती तुमच्या वडिलांकडून आली की तुमच्याही लहानपणी ताटात कमी पडल्यामुळे, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. तेव्हा ‘बापावर गेलीय’ म्हणून विषय मिटवू नका.

भरून निघेल का? बऱ्याच अंशी निघू शकतं, पण मुदत थोडी आहे. मूल जन्मतं तेव्हा साधारण ४९-५० सेंमी असतं. पहिल्या वर्षात ते २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास, आणि पुढे वेग आणखी उतरतो. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत जे हुकतं ते नंतर पुरतं भरून येणं अवघड असतं. तुमच्याकडे दहा महिने आहेत. आणि प्रश्न नुसत्या उंचीचा नाही. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात काही लहान मुलांना प्रथिनं-उष्मांक भरपूर असलेलं पेय दिलं आणि काहींना साधं गोड सरबत. ती मुलं मोठी होऊन कमावती झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. ज्या पुरुषांना पहिल्या दोन वर्षांत ते पौष्टिक पेय मिळालं होतं, त्यांची तासाची कमाई सरासरीनं ४६ टक्के जास्त निघाली. उंची ही बाहेरून दिसणारी खूण आहे. आत मेंदूही त्याच अन्नावर वाढत असतो.

आता तुमचा खरा प्रश्न.

माझं म्हणणं असं आहे की वाढ खुंटण्याबद्दलचे बहुतेक सगळे सल्ले आईला दिले जातात आणि ते पाळायला लागणारे निर्णय मात्र बापाच्या हातात असतात. “दिवसातून चार वेळा भरवा” हे तिला सांगायचं, पण ती शेतावरून कधी परतणार हे तिच्या हातात नाही. “अंडं द्या, दूध द्या” हेही तिलाच सांगायचं, पण अंडी विकायची की ठेवायची हे तुम्ही ठरवता. “वेळेवर दवाखान्यात न्या” म्हणायचं, पण गाडी आणि पैसे तुमच्याकडे. तुम्ही दिवसभर घरी नसता ही अडचण खरी आहे, पण तुमचा वाटा त्या तासांपुरता नाही. घरी नसतानाही तुमचे निर्णय घरात असतात.

सगळ्यात आधी आईचा वेळ. या वयाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ लागतो, शिवाय अंगावरचं दूध चालू. मूल घास तोंडात धरून बसतं, थुंकतं, इकडेतिकडे बघतं. न रागावता, न कोंबता भरवायचं तर एका वेळेला अर्धा तास सहज जातो. आता तुमच्या बायकोचा दिवस मोजा. पाणी, सरपण, स्वयंपाक, गुरं, शेत, धुणं. यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार वेळा कुठे बसतात? बसत नाहीत. मग सकाळी एकदाच रांधलं जातं, दुपारी तेच गार अन्न थोरलं भावंड भरवतं, आणि संध्याकाळी मूल पेंगुळलेलं असतं. बाप पहाटे निघण्याआधी पाणी भरून गेला, सरपण फोडून गेला, तर त्यातून मुलीची एक जेवणाची वेळ निघते. मुलीला हातही न लावता केलेलं हे काम आहे, आणि बऱ्याच घरांत त्याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो. बापांच्या बैठकांमध्ये मूल कडेवर घेऊन फोटो काढण्यावर भर असतो, पाण्याच्या हंड्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसरं, एक वेळचं जेवण तुम्ही भरवा. संध्याकाळचं. तिची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. मोठ्यांच्या ताटातून भरवलेल्या मुलाचं “खाल्लं की!” हे नेहमी अंदाजपंचे असतं. आणि वाटीत काय आहे ते पाहा. चमचा तिरका केल्यावर अन्न ओघळून गेलं तर ते पातळ आहे. चमच्यावर थांबलं तर बरोबर. यामागे साधा हिशेब आहे. लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे आठ किलोच्या मुलीला २४० मिली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अंगावरच्या दुधाशिवाय दिवसाला ५५० च्या आसपास उष्मांक वरच्या अन्नातून लागतात. वाटीभर पातळ पेजेनं पोट टम्म फुगतं, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. तेच अन्न घट्ट शिजवून त्यात चमचाभर तेल-तूप घातलं की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त जातं.

तिसरी गोष्ट वाटणीची, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलतो. अन्नाचे आठ गट मानतात: आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-शेंगा-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी आणि गडद हिरव्या भाज्या-फळं, इतर भाज्या-फळं. दिवसभरात यांपैकी निदान पाच गट मुलाच्या पोटात जायला हवेत. खेड्यातल्या घरी धान्याची सहसा ददात नसते. कमी पडतात ती अंडी, दूध, मासे, मांस, डाळी. आणि नेमकं तेच ‘कमावत्या माणसाच्या’ ताटात आधी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सहा महिन्यांपासून पुढे प्राणिज अन्न रोज द्यावं. लागतं किती? एक अंडं, किंवा बारीक कुस्करलेल्या माशाचे दोन घास. तुमच्या ताटातून तेवढं गेलं तर तुमची ताकद कमी होत नाही, मुलीच्या दृष्टीनं मात्र तो दिवसाचा मुख्य घास असतो. घरात मांस-मासे चालत नसतील तर दूध-दही, डाळी आणि वाटलेले दाणे रोज हवेतच. दाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. ही वाटणी बायको आपणहून बदलू शकणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर “हे हिच्या वाटीत घाल” हे तुम्ही म्हणायला हवं. तुम्ही म्हणालात तर वाद होत नाही, तिनं केलं तर होतो.

आणि हेच आईच्या ताटालाही लागू. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त लागतात. ती सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल आणि उरलंसुरलं खात असेल, तर तेही बघा.

पैशाबद्दल दोन अभ्यास सांगतो. कोत दिव्हार देशातल्या घरखर्चाच्या नोंदींवरून १९९५ मध्ये दाखवलं गेलं की घरच्या रोख कमाईतला बायकोचा वाटा वाढला की अन्नावरचा खर्च वाढतो आणि दारू-सिगारेटवरचा घटतो. इंडोनेशियाच्या ग्रामीण भागातल्या २००८ च्या अभ्यासात, ज्या घरात बाप सिगारेट ओढतो तिथे मुलांची वाढ खुंटण्याचा धोका जास्त आढळला. तंबाखूवर जाणारा पैसा अन्नातून निघत होता. धुराचा त्रास वेगळाच. तुम्ही ओढता की नाही मला ठाऊक नाही. ओढत असाल तर महिन्याचा खर्च एका कागदावर मांडा आणि त्यात किती अंडी येतात ते शेजारी लिहा.

पावडरीचं उत्तर इथेच देऊन टाकतो: आणू नका. वर्षावरच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खास ‘वाढीच्या’ दुधाची गरज नाही, असं त्याच २०२३ च्या सूचनांत म्हटलंय. डबा संपेपर्यंत महिनाभराची अंडी-डाळीची रक्कम गेलेली असते, आणि डबा आहे म्हणून घरचे जेवणाकडे दुर्लक्ष करतात. लोह, जंताचं औषध वगैरे आरोग्य केंद्रातून सल्ल्यानं घ्या.

जुलाब आणि ताप. प्रत्येक आजारपणात वाढ थांबते आणि लागोपाठ आजार आले की मूल मागचं भरून काढण्याआधीच पुढचा धक्का बसतो. जुलाब लागले की क्षारसंजीवनी (ओआरएस) आणि झिंक, या वयाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी झिंक पूर्ण करायचं. इथेच बहुतेक जण सोडून देतात. अंगावरचं दूध आणि खाणं अजिबात बंद करायचं नाही. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा. आणि केंद्रात न्यायचं की नाही हे ठरवायला बायकोला तुमच्या परतण्याची वाट बघावी लागू नये. थोडे पैसे तिच्याकडे ठेवा आणि “मला न विचारता जा” असं आजच सांगून ठेवा.

स्वच्छतेबद्दल लोकांना आवडणार नाही असं एक सांगतो. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये हजारो मुलांवर मोठे प्रयोग झाले, निकाल २०१८-१९ मध्ये आले. साधं शौचालय, हात धुणं, पाणी शुद्ध करणं एवढ्यानं मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. आहाराचा सल्ला आणि पूरक आहार दिला तिथे थोडा पडला. म्हणून हात धुवायचं सोडू नका, त्याची कारणं इतर अनेक आहेत. पण शौचालय बांधलं म्हणजे बापाचं काम झालं, असं होत नाही. मला स्वतःला कोंबड्यांची जास्त काळजी वाटते. रांगणारं मूल अंगणातली माती आणि विष्ठा तोंडात घालतं, त्यानं आतड्याला सतत सूज राहू शकते आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कोंबड्यांना कुंपण आणि मुलीला बसायला स्वच्छ, वेगळी जागा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ते तुमच्याच हातचं आहे.

पुढचं मूल. तुम्ही विचारलं नाहीत, पण मी विचारतो, कारण जगभरात वाढ खुंटण्याचा सुमारे पाचवा हिस्सा पोटातच सुरू होतो. एका बाळंतपणानंतर निदान २४ महिने पुन्हा दिवस जाऊ नयेत. तुमची मुलगी चौदा महिन्यांची आहे, म्हणजे अजून किमान दहा महिने. पाळणा लांबवण्याची जबाबदारी फक्त बायकोच्या गोळ्यांवर टाकू नका. निरोध तुमच्या हातात आहे आणि कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुष नसबंदी ही स्त्रियांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. दुसरं मूल लवकर आलं तर मुलीचं अंगावरचं दूध आधी तुटतं, आणि आईच्या अंगातली झीज भरून निघालेली नसते. मुलीचं जन्माचं वजन २.५ किलोपेक्षा कमी होतं का, तेही कार्डावर बघून ठेवा. असेल तर ती मुळातच मागून निघालीय आणि तिला जास्त लक्ष लागेल.

एक धोका मात्र सांगायला हवा. बापाला माहिती मिळाली की काही घरांत तो मदतनीस न होता तपासनीस होतो. संध्याकाळी येऊन “किती वेळा भरवलंस? अंडं दिलंस का?” असा जाब विचारतो. त्या घरात आई खोटं सांगायला शिकते आणि मुलाला काहीच मिळत नाही. जिथे बाईला मारहाण होते, तिथे मुलांची वाढ खुंटलेली जास्त आढळते, यात नवल नाही. म्हणून बापांसाठीचे जे चांगले कार्यक्रम आहेत त्यांत आहाराच्या माहितीइतकंच नवरा-बायकोच्या बोलण्यावर काम होतं. रवांडातल्या ‘बांदेबेरेहो’ कार्यक्रमात तरुण बापांच्या आणि जोडप्यांच्या गटबैठका घेतल्या. २०१८ मध्ये आलेल्या निकालांत मारहाण कमी झाली, गरोदरपणातल्या तपासण्या वाढल्या, पुरुष घरकामात आणि मुलांच्या देखभालीत जास्त वेळ देऊ लागले. नायजरमध्ये झिंदेर भागात ‘पतींची शाळा’ चालते, तिथे गावातलेच पुरुष इतर पुरुषांना समजावतात. तुमच्या गावात असं काही नसेल तर दोन-तीन मित्रांना घेऊन मोजणीच्या दिवशी जा. एकटा बाप बायकांच्या रांगेत अवघडतो, तिघे असले की सोपं जातं.

कामासाठी महिनोन् महिने बाहेर राहणाऱ्या बापांनाही यातलं बरंच लागू आहे: पैसे थेट बायकोच्या हाती पाठवा आणि फोनवर मुलीच्या आधी बायकोच्या जेवणाची चौकशी करा.

केंद्रात ताबडतोब कधी न्यायचं ते लक्षात ठेवा. दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, दोन्ही पावलांवर सूज आली, जुलाब १४ दिवसांवर गेले, वजन घटायला लागलं किंवा मूल खाणंपिणंच टाकू लागलं, तर उद्यावर टाकू नका. हे प्रश्न वाढीच्या तक्त्यानं सुटणारे नाहीत.

हे नसेल तर तीन महिन्यांनी, मुलगी सतरा महिन्यांची झाल्यावर, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजा. त्या वयाला खालची रेषा ७४ सेंमीवर असते. ती ७३ भरली तर अंतर होतं तेवढंच आहे, म्हणजे घसरण थांबली. ७३.५ किंवा पुढे गेली तर ती भरून काढतेय, जे चाललंय ते तसंच चालू ठेवा. ७२ च्या खाली राहिली तर वाटीत काय जातं याची पुन्हा घरात चर्चा करत बसू नका. मुलीला आणि कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि रक्त, लघवी, छाती तपासायला सांगा, कारण जुनाट संसर्ग किंवा दुसरा आजार दडलेला असू शकतो.